आत्याने ठेवलेली नावं

माझ्या आत्याला नावं ठेवायची सवय आहे. दोन्ही अर्थांनी. माणूस दारातून आत येईपर्यंत तिने त्याच्या चालीला, चपलांना आणि भांगाला नावं ठेवलेली असतात, आणि तो खुर्चीत टेकेपर्यंत त्याला स्वतःलाच एक नाव ठेवलेलं असतं. पहिलं ती विसरून जाते. दुसरं मात्र जन्माचं चिकटतं.

माझं नाव भोंगा. लहानपणी मी रडायला लागले की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून. आता मी व्हॅन चालवते, त्यामुळे लोकांना वाटतं की नाव धंद्यावरून पडलं. वाटो बापडं. आत्याचा नवरा एकदा बोलायला लागला की त्याला बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून तो रेडिओ. मी तापट आहे हेही आत्ताच सांगून टाकते; पुढे दिसेलच, तेव्हा कोणी मनाला लावून घेऊ नये.

आत्या ज्या छापखान्यात काम करते, तिथली पुस्तकं मी व्हॅनमधून पोचवते. पुस्तकं ब्रेलची. अंध मुलांच्या शाळेत जातात. लांबलचक खोली आहे, तिच्या एका टोकाला ठिपके उठवणारं मशीन, दुसऱ्या टोकाला बांधणीचं टेबल आणि मध्ये खिडकीजवळ आत्याचा संगणक. मशीन सुरू झालं की कपाटावरच्या कात्र्या नाचायला लागतात. आत्या इथे आली तेव्हा शिशाचे खिळे होते आणि ती जुळारी होती. एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी लावायची. पुढे खिळे गेले, संगणक आला, शाईसुद्धा गेली आणि ठिपके आले. आत्या गेली नाही. जुने खिळे वितळवायला नेले त्या दिवशी ती जेवली नव्हती, असं रेडिओ सांगतो. ती म्हणते, पोट बिघडलं होतं.

छापखान्यातल्या लोकांना तिने विरामचिन्हं वाटून टाकली आहेत. मालक म्हणजे पूर्णविराम, कारण ते दारात दिसले की सगळ्यांचं बोलणं थांबतं. माणूस वाईट नाही, फक्त बूट फार वाजतात. संगणक सांभाळायला एक तरुण होता, तो स्वल्पविराम; त्याचं एक वाक्य संपलेलं कुणी ऐकलेलं नाही. एकाच माणसाला चिन्ह मिळालं नाही. आमचा मुद्रितशोधक, जो जन्मापासून अंध आहे आणि छापलेलं प्रत्येक पान बोटांनी तपासतो, त्याच्यासाठी काय नाव ठेवावं हे आत्याला सुचेना. तेव्हा तोच म्हणाला, "दुर्बीण ठेवा. चूक मला लांबून दिसते." तेव्हापासून तो दुर्बीण आहे आणि फोनसुद्धा "दुर्बीण बोलतोय" म्हणून उचलतो.

आता मुख्य गोष्ट म्हणजे आत्याचे हात. संधिवात आहे. सकाळी उठली की बोटं हँगरसारखी वाकलेली असतात. रेडिओ कोमट पाण्याचं पातेलं घेऊन तिच्यासमोर बसतो, तिचे हात त्यात धरतो आणि ऐकलेल्या, न ऐकलेल्या सगळ्या बातम्या सांगतो. पाणी गार होईपर्यंत बोटं उघडतात. बातम्या संपत नाहीत.

अशा बोटांनी तिला दिवसभर टंकायचं असतं ते मजकूर नव्हे. मजकूर शाळेतले शिक्षक पाठवतात. तिने टंकायच्या असतात आज्ञा. ब्रेलचं काम एका काळ्या खिडकीत चालतं. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसतं लिहायचं. हा धडा घे, आपल्या भाषेच्या नियमांनी त्याचे ठिपके कर, ओळ एवढी रुंद ठेव, समास एवढा सोड, तयार पानं अमुक जागी ठेव. हे सगळं एका दमात, इंग्रजी अक्षरांत, तिरक्या आणि आडव्या रेघांसकट. मग ती पानं मशीनकडे धाडायची दुसरी आज्ञा. मग उरलेला पसारा आवरायची तिसरी. प्रत्येक धड्याला पुन्हा पहिल्यापासून.

स्वल्पविरामाला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला, तर आत्या बोटं चोळत बसलेली.

"आत्या, तुम्ही एवढं सगळं का लिहिता, म्हणजे लांब आज्ञेला एक छोटा शब्द देता येतो, त्याला एलियास म्हणतात, म्हणजे कसं की..."

"म्हणजे टोपणनाव," आत्या म्हणाली.

"हो, तसंच काहीतरी, पण..."

"अरे गाढवा, मग हे आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?"

आत्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी दारातून पाहिलं. भुकेल्या माणसाला स्वयंपाकघराची किल्ली मिळाली होती. तिने तिथल्या तिथे नावं ठेवायला घेतली. ठिपके करणारी ती ठकी, कारण नाजूक आणि नीटस काम. मशीनकडे धाडणारा ढोल्या, कारण तो गेला की नुसती धडधड. पसारा आवरणारी झाडूबाई. आधी एलियास हा शब्द, मग नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग अवतरणचिन्हांत पूर्ण आज्ञा, असं लिहायचं होतं. आत्याने बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नीट जागा सोडली आणि संगणक रुसला.

"इथे जागा सोडायची नाही," स्वल्पविराम म्हणाला.

"चिन्हाला श्वास घ्यायला जागा द्यायची नाही? कुठल्या अडाण्याने केलंय हे?"

पण तिने जागा काढली आणि ठकी चालायला लागली. नुसतं ठकी आणि पुढे धड्याचं नाव. आत्या खुर्चीत बसल्या बसल्या नाचली म्हटलं तरी चालेल. स्वल्पविराम जाता जाता म्हणाला, "एकच लक्षात ठेवा, खिडकी बंद केली की, म्हणजे त्यासाठी ती जी फाईल असते ना, तिच्यात..." आणि त्याची बस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने काळी खिडकी उघडली आणि ठकीला हाक मारली. संगणकाने उत्तर दिलं की अशी कुठली आज्ञा त्याला सापडत नाही.

"अगं, हा ठकीला ओळखत नाही म्हणतो!"

ढोल्याला ओळखत नव्हता. झाडूबाईलाही नाही. खिडकी बंद झाली की नावं पुसली जात होती. मग तिने आखडलेल्या बोटांनी सगळ्या लांबलचक आज्ञा पुन्हा लिहिल्या, सगळ्यांची पुन्हा ओळख करून दिली, आणि दिवस मजेत गेला. पुढच्या सकाळी परत तेच. ज्या बाईने ठेवलेलं नाव माणसाला म्हातारपणापर्यंत सोडत नाही, तिची नावं हा डबा रात्रीतून विसरत होता. मी म्हटलं, मला एक लाथ घालू दे. आत्या म्हणाली, लाथेने आठवत असतं तर रेडिओला कधीच लग्नाचा वाढदिवस आठवला असता.

एका सकाळी मात्र तिची बोटं उघडलीच नाहीत. नावांची ओळख करून द्यायची ताकद नव्हती, म्हणून तिने वरचा बाण दाबत मागे मागे जाऊन एक जुनी, पूर्ण लिहिलेली आज्ञा परत आणली. तशी सोय असते. फक्त तिच्यातलं धड्याचं नाव बदलायचं राहून गेलं. नव्या धड्याच्या जागी जुनाच कोल्ह्याचा धडा पुन्हा छापला गेला. दुर्बीण त्या आठवड्यात रजेवर होता. पुस्तकं शाळेत पोचली आणि एका चिमुरडीने पान उलटून बोटं फिरवत मोठ्याने विचारलं, "बाई, कोल्हा परत का आला?" वर्गभर हशा पिकला. मीही हसले. मग गठ्ठे व्हॅनमध्ये परत भरले आणि छापखान्यात आणले, तेव्हा मालक दारातच उभे होते. ते हसले नाहीत.

"बाई," ते आत्याला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "आता शाळेला सुट्टी लागेल. ती संपून शाळा उघडायच्या आत नवं वाचनपुस्तक गेलं पाहिजे. मी शुक्रवारी सकाळी येऊन बघतो. काम झरझर होत असेल तर उत्तम. नाहीतर मशीनचं काम आपण बाहेर देऊ. तुम्ही बांधणीवर बसा. हातांना आराम पडेल."

बांधणीला जाड सुई लागते. वाकड्या बोटांना सुईने कसला आराम पडणार? पण मालकांनी हे मनापासून आणि चांगुलपणाने म्हटलं होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. भांडता न येणं याच्यासारखा दुसरा जाच नाही.

संध्याकाळी मी आत्याला घरी सोडत होते. रस्त्यात एक माणूस भलीमोठी शिडी घेऊन सायकलवरून गेला. आत्याने त्याला नाव ठेवलं नाही. मी वाट पाहिली. सिग्नल आला, गेला.

"मला अक्षरांपासून उठवतायत गं," ती म्हणाली. "मला नाही उठायचं."

आत्या रडत नाही, ती चिडते. त्या दिवशी ती चिडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅन छापखान्याच्या अंगणात लावली, आत्याला शेजारी बसवलं आणि स्वल्पविरामाला फोन लावला.

"अहो, सोपं आहे," तो म्हणाला, "घरच्या फोल्डरात एक फाईल असते, काळी खिडकी उघडली की संगणक आधी ती वाचतो, तिच्यात नावं लिहून ठेवली की रोज आपोआप, पण ती फाईल दिसणार नाही, कारण नावाच्या आधी टिंब आहे, म्हणजे कंट्रोल आणि एच दाबलं की दिसेल, आणि सगळ्यात खाली लिहा, आधीचं काही पुसू नका, आणि हो, एक महत्त्वाचं म्हणजे ती ज्यात उघडाल ना, ते..."

"वाक्य पूर्ण कर रे एकदा!" मी एवढ्या जोरात ओरडले की अंगणातली मांजर कुंपणावर चढली. फोन कटला. तो घाबरला की त्याची रेंज गेली, देव जाणे.

आत्या मात्र हसत होती. कितीतरी दिवसांनी.

"टिंब आहे म्हणून दिसत नाही म्हणे! भोंग्या, आपल्याकडे टिंब असतं म्हणूनच तर पोरांना दिसतं."

फाईल सापडली. आत्याने ती आपल्या रोजच्या, पुस्तकं शुद्ध करायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि सगळ्यात खाली नावं लिहिली. ठकी, ढोल्या, झाडूबाई. शिवाय हौसेने आणखी दोन. कामाला जुंपायचं तर पूर्ण फौज हवी, म्हणाली. बरोबरच्या चिन्हाशेजारी जागा सोडली नाही, हे तिने मला बोट ठेवून दाखवलं. अवतरणचिन्हं तर इतकी देखणी होती की लग्नपत्रिकेवर शोभावीत. मग तिने काळी खिडकी बंद केली, नवी उघडली, आणि खिडकीने उघडताक्षणी ओळीमागून ओळ तक्रारी ओकल्या. ठकीला हाक मारली तर आणखी एक तक्रार.

आम्ही दोघींनी ती फाईल दिवसभर वाचली. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी गठ्ठे पोचवून परत यायचे आणि पुन्हा वाचायचे. आत्याने मालकांना नावं ठेवली, स्वल्पविरामाला ठेवली, ज्याने संगणक शोधला त्याच्या सात पिढ्यांना ठेवली. संध्याकाळी ती बांधणीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने सुई उचलून पाहिली. मी तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी दुर्बीण रजा संपवून आला. आत येताच त्याने मान वर केली.

"इथे कोण गेलंय? एवढी शांतता का आहे?"

मी त्याला सगळं सांगितलं, कोल्ह्यापासून सुईपर्यंत. तो आत्याच्या शेजारच्या स्टुलावर बसला. "मला ती फाईल ऐकवा."

त्याच्याकडे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम आहे. तो एका सुरात, एकही टिंब न गाळता वाचतो. दुर्बिणीने तो आत्याच्या संगणकावर सुरू केला. आवाज वाचू लागला: एलियास, ठकी, बरोबर, डावं दुहेरी अवतरण...

"थांबा," दुर्बीण म्हणाला. "डावं?"

"मग? सुरुवातीला डावं, शेवटी उजवं," आत्या म्हणाली. "एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं."

"आज्ञेत डावं-उजवं नसतं, आत्या. सरळ अवतरण असतं. दोन्हीकडे सारखंच. त्याने नुसतं 'अवतरण' म्हणायला हवं होतं."

आत्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला दिसत नाही हे बरंच होतं. सरळ अवतरणचिन्ह! खिळ्यांच्या काळापासून तिने एकही सरळ अवतरणचिन्ह कागदावर जाऊ दिलेलं नव्हतं. आपल्या प्रोग्रॅममध्ये तर तिने तशी तजवीजच करून ठेवली होती, की कुणी सरळ टंकलं तरी त्याचं आपोआप वळणदार व्हावं. काळ्या खिडकीत थेट लिहिताना ती सोय नव्हती, म्हणून तिथे ठकी चालत होती. फाईलमध्ये मात्र प्रोग्रॅमने ठकीला नटवून पाठवलं होतं, आणि नटलेल्या ठकीला संगणक ओळखत नव्हता.

"सरळ अवतरण नागडं दिसतं," आत्या पुटपुटली.

"संगणकाला नागडंच लागतं," दुर्बीण म्हणाला.

मी हसून हसून बांधणीच्या टेबलाला टेकले. आत्याने साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये ती फाईल उघडली आणि एकेक चिन्ह सरळ केलं. प्रत्येक वेळी "शी" म्हणत. खिडकी बंद केली, नवी उघडली. एकही तक्रार नाही. तिने ठकीला हाक मारली. पुढे पहिल्या धड्याचं नाव. ठकी गेली, ठिपके करून आली. मग ढोल्या. मशीन धडधडायला लागलं, कात्र्या नाचल्या. आत्याने दुर्बिणीचा गालगुच्चा घेतला. तो चाळिशीचा गृहस्थ आहे.

आणि तेवढ्यात बूट वाजले. सगळं बोलणं थांबलं.

मालक आत्याच्या मागे उभे राहिले. आत्याने एकामागून एक धडे काढले. एक छोटा शब्द, एक नाव, झालं. कोल्हा एकदाच आला. मालकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"आज चालतंय," ते म्हणाले. "पण तुम्हीच म्हणालात की हा सकाळी सगळं विसरतो. उद्या विसरला तर? मी रोज इथे उभा राहू शकत नाही." मग पडद्याकडे वाकून विचारलं, "आणखी काय काय नावं आहेत यात?"

आत्याने पटकन फाईल मिटायला हात पुढे केला, पण ती बोटं कधी पटकन चालली आहेत? मालकांना सगळ्यात खालचं नाव दिसलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, तरी स्पष्ट. पूर्णविराम.

"हे काय करतं?"

दुर्बिणीने आपले कान चोळायला घेतले. मालक म्हणाले, "मला इथे काय म्हणतात ते मला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. बघू तर खरं, मी काय करतो ते." आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी आपलं नाव काळ्या खिडकीत लिहिलं आणि एंटर दाबलं.

पडदा काळा झाला. संगणकाचा पंखा थांबला. पोटातली पानं छापून होताच मशीनही गप्प झालं. खोलीत इतकी शांतता पसरली की अंगणातल्या मांजरीचा आवाज आला.

"तुम्ही आलात की सगळं थांबतं ना," आत्या अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणून संगणक बंद करायच्या आज्ञेला..."

आयुष्यात पहिल्यांदाच तिचं वाक्य अर्धवट राहिलं. का ते मला कळलं. आम्ही खिडकी बंद करून पाहिली होती. अख्खा संगणक बंद करून पाहिला नव्हता. आता तो उठून कुणाला ओळखेल, कुणाला नाही, काय माहीत! आणि मालकांना नेमकं तेच बघायचं होतं.

आत्याने बटण दाबलं. संगणक घरघरला. त्याला उठायला नेहमीच वेळ लागतो, पण त्या सकाळी तो मुद्दाम जांभया देत होता. आत्याने काळी खिडकी उघडली. रिकामी. तक्रार नाही, काही नाही, नुसती लुकलुकणारी रेघ. तिने उजव्या हाताचं वाकडं बोट डाव्या हाताने चोळलं आणि लिहिलं: ठकी. पुढे शेवटच्या धड्याचं नाव. एंटर.

रेघ थबकली. मग खालच्या ओळीवर उतरली. धडा तयार होता. ढोल्याला धाडलं आणि कात्र्या पुन्हा नाचायला लागल्या.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मांजर परत कुंपणावर गेली एवढं खरं. दुर्बीण टाळ्या वाजवत होता. आत्या मात्र रडत होती, अगदी उघड, नाक ओढत, आणि रडता रडता मशीनमधून येणारी पानं सरळ करत होती.

मालकांनी बांधणीच्या टेबलाजवळची जाड उशीची खुर्ची, जी त्यांनी आत्यासाठी आधीच आणून ठेवली होती, खोलीभर फरफटत आणून आत्याच्या संगणकासमोर ठेवली.

"बसा," ते म्हणाले. आणि जाताना दारातून: "ते शेवटचं नाव तेवढं काढून टाका."

"बरं," आत्या म्हणाली.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत मी नवं पुस्तक पोचवलं. पूर्णविराम अजून त्या फाईलमध्येच आहे. मालकांनाही ते ठाऊक आहे, कारण रोज संध्याकाळी काम संपलं की ते बूट वाजवत येतात, आत्याला बाजूला सरकायला सांगतात आणि एका बोटाने आपलं नाव लिहून संगणक स्वतः बंद करतात. दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. सकाळी रेडिओ पातेलं ठेवतो, बोटं उघडतात, काळी खिडकी उघडते, आणि आत्या हाक मारते तेव्हा ठकी ओ देते.